नळी न जोडता मोजणारं कार्ड

सीताफळ मला बाधतं, असं मी गेली तीस वर्षं सांगत आले आहे. शेजारणी, नणंदा, कामावरच्या बायका, सगळ्यांना हे पाठ झालंय. कुणी टोपली घेऊन आलं की माझ्यापुढे वेगळी बिस्किटं येतात. खरं सांगायचं तर मला सीताफळाइतकं दुसरं कुठलंच फळ आवडत नाही. आश्विन लागला, औरंगपुऱ्यात दौलताबादकडच्या बायका पानं अंथरून ढीग मांडायला लागल्या, की मी मुद्दाम पलीकडच्या बाजूने जाते. तरी वास येतोच. डोळे उघडलेलं, बोट लावलं की दबणारं फळ नजरेला पडतं, तोंडाला पाणी सुटतं, आणि त्या पाठोपाठ मंदा आठवते. मग तोंडची चव जाते.

या वर्षीही सीताफळं आली. सकाळी धुकं, दुपारी चटका, मधूनच परतीच्या पावसाची एखादी सर. असल्या हवेत दारं फुगतात, पापड मऊ पडतात आणि दोन हजार व्होल्टचं कार्ड बिघडतं. हे शेवटचं फार थोड्यांना माहीत असेल.

पैठण रस्त्यावर चितेगावला आमचं युनिट होतं. पत्र्याची लांबट शेड, आत सात टेबलं, प्रत्येकावर एक दिवा आणि भिंग. सोल्डरचा धूर, राळेचा वास, मागच्या बाजूला लिंबाचं झाड. आम्ही व्होल्टेज स्टॅबिलायझर करायचो, वजनकाट्यांची कार्डं करायचो. कार्ड म्हणजे हिरव्या पट्टीवर बारीकसारीक भाग बसवून जोडलेलं सर्किट. त्या शेडमध्ये मी सगळ्यात जुनी, डिप्लोमा झालेली एकटी बाई. चौदा वर्षं मी कार्डं बांधली आणि एकही कार्ड त्याच्या जागी बसून काम करताना पाहिलं नाही. खोकी टेम्पोत जायची, टेम्पो वळणावरून दिसेनासा व्हायचा.

अशात एका सकाळी आमचे मालक, पाठक साहेब, नकाशांची गुंडाळी काखेत मारून आले. त्यांचे डोळे चमकत होते.

"मंडळी, आजवर आपण ज्वारी मोजायचे काटे केले," ते म्हणाले. "आता सूर्य मोजायचाय."

गुजरातेत एक संशोधन संस्था होती. सूर्याच्या पोटात जे चालतं ते तिथे एका पोलादी कड्यात घडवून बघायचे प्रयत्न चालू होते. जड हायड्रोजन वायू भयंकर तापवायचा, म्हणजे त्याची अणुकेंद्रं एकमेकांत मिसळतात आणि त्यातून न्यूट्रॉन सुटतात. किती न्यूट्रॉन सुटले ते कळलं की किती मिसळलं ते कळतं. पण न्यूट्रॉन मोठा बेरकी. त्याला ना धन भार, ना ऋण. तो सरळ कुठल्या तारेत येत नाही. त्याच्यासाठी एका खास वायूने भरलेली नळी लागते. नळीतल्या एखाद्या अणूवर तो आदळला, तर विजेची एवढीशी लकेर उठते. ती लकेर मोठी करायची, बाजूची खरखर गाळून टाकायची आणि खऱ्या तेवढ्या लकेरी मोजायच्या, हे काम आमच्या कार्डाचं.

त्यातलं मोजणं सोपं होतं. अवघड होतं ते काही नसताना गप्प बसणं. म्हणून साहेबांनी एक परीक्षा ठरवली होती. नळी जोडायचीच नाही, नुसते दोन हजार व्होल्ट चढवायचे आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच कार्ड चालू ठेवायचं. मोजणीचे लाल आकडे शून्यावर राहिले पाहिजेत. आठ तासांत एक जरी आकडा पडला तर कार्ड नापास. का, तर उद्या त्या आकड्यावर विसंबून तिथले शास्त्रज्ञ काहीच घडलं नसताना सूर्य पेटला म्हणून टाळ्या पिटतील. टेस्टिंगचे रफिकभाई त्या शून्यासमोर स्टूल टाकून बसायचे. दिवसभर शून्य बघणं सोपं नाही. ते म्हणायचे, "मॅडम, इससे तो मुर्गी के अंडे पे बैठना अच्छा. कम से कम चूजा तो निकलता."

मंदा आमच्याकडे वर्षभरापूर्वी आली होती. दौलताबादच्या किल्ल्याखालच्या एका गावातली, शेतकऱ्याघरची मुलगी, आय.टी.आय. झालेली. केसांना चापून तेल, दोन वेण्या, पायात रबरी चप्पल. रोज दोन बस बदलून यायची आणि माझ्याआधी पोचायची. सोल्डरिंगची गन हातात घेतली की तिचा श्वास थांबायचा. ठिपका पडला की सोडायची. तिचे ठिपके भिंगाखाली बघावेत, सगळे एकसारखे, गोल, चकचकीत. ती कार्ड नेहमी कडांना धरायची, दोन बोटांच्या टोकांनी, जसं आपण गरम पोळी धरतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला मात्र दोन वर्षं शिकवावं लागलं होतं.

मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या ठिपक्यांचा, तिच्या न थरथरणाऱ्या हातांचा, ती हसली की सगळी शेड हसायची त्याचाही. साहेब कुणाच्या टेबलाशी किती वेळा थांबतात हे मी मोजायला लागले. एका पंधरवड्यात मंदाच्या टेबलाशी एकोणीस वेळा, माझ्या अकरा. घरी जाऊन ह्यांना सांगितलं. "पाण्याचा माठ कुठंय?" ह्यांनी विचारलं. माठ मंदाच्या टेबलाशेजारी होता. मी दोन दिवस ह्यांच्याशीही नीट बोलले नाही.

हे दुखणं माझ्याकडे वडिलांकडून आलं असावं. ते निजामाच्या काळात तहसिलीत कारकून होते. उर्दूतला त्यांचा मसुदा वाचून दाखवण्यासारखा असायचा म्हणे. पोलीस ॲक्शन झाली, पुढे कारभाराची भाषा बदलली, आणि पुण्याकडून आलेला एक पोरसवदा कारकून त्यांच्या वर बसला. वडील घरी मराठीच बोलायचे, पण अर्ज लिहायला घेतला की मोत्यासारखी अक्षरं उजवीकडून डावीकडे पळू पाहायची. पुढची वीस वर्षं ते जेवताना आम्हाला त्या माणसाच्या मसुद्यातल्या चुका सांगायचे. आई म्हणायची, "अहो, भात निवतोय." ते ऐकायचे नाहीत. तो माणूस निवृत्त होऊन गेला, तरी वडिलांच्या ताटात त्याच्या चुका होत्याच. मी लहानपणीच ठरवलं होतं, आपण असं व्हायचं नाही. ठरवून असं काही होत असतं तर काय हवं होतं!

त्या हंगामात संस्थेसाठी दोन कार्डं जायची होती. एक मी बांधलं, एक मंदाने. कार्डं बसवायला साहेबांबरोबर आमच्यातली एकच जण जाणार होती. साहेब म्हणाले, "जिचं कार्ड शून्य धरेल ती. दोघींची धरली, तर बघू." मला ते यंत्र बघायचं होतं. चौदा वर्षांत एकदा तरी माझं कार्ड त्याच्या जागी बसलेलं, जिवंत झालेलं बघायचं होतं. मंदालाही जायचं होतं, किंबहुना जास्तच. तिने घरी सांगूनही टाकलं होतं आणि तिच्या वडिलांनी पाराजवळ बसून गावाला सांगितलं होतं की आमची मंदी सूर्य बघाया चालली.

आमच्याकडे एक रीत होती. कार्ड डब्यात बसवलं की जिने ते बांधलं तिने झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपलं अक्षर कोरायचं. मी "शै" कोरायची, ती "मं". बाहेरून कुणाला दिसायचं नाही, पण आम्हाला माहीत असायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मंदा सीताफळांची टोपली घेऊन आली. दुपारच्या डब्यानंतर लिंबाखाली सगळे गोल बसले. साहेबसुद्धा येऊन बसले. चार फळं संपवून, बिया टोपणात टाकत म्हणाले, "मंदा, तुझं सोल्डर चांगलं, फळंही चांगली. तुझ्यात खोट तरी कुठं शोधावी?"

सगळे हसले. मंदाने सगळ्यात मोठं फळ माझ्यापुढे धरलं. "घ्या की ताई. आमच्या बांधावरचं हाय. लई गोड."

"मला बाधतं," मी म्हणाले.

"सीताफळ बाधतं?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "मंग भावजींसाठी तरी न्या. मी ठेवते तुमच्या टेबलावर." आणि ती उठून आत जाऊन दोन फळं ठेवून आली.

मी आत आले तेव्हा सगळे मागच्या नळावर हात धूत होते. शेडमध्ये कुणी नव्हतं. टेबलावर ती दोन फळं, एक तर अगदी उकललेलं. मी खाली बसले, ड्रॉवर उघडून जणू काही शोधतेय असं वाकले आणि ते फळ खाल्लं. चोरून खाल्लेल्या त्या फळाची गोडी मी अजून विसरलेले नाही. बिया कागदात गुंडाळून ड्रॉवरच्या कोपऱ्यात सारल्या. नळावर गेले असते तर कळलं असतं, म्हणून हात रुमालाला पुसले. आणि मग, माझ्या कार्डाचा डबा बंद करायच्या आधी, त्यावरचा एक भाग जरासा तिरका दिसला. मी अंगठ्याने तो सरळ केला. जिथे दोन हजार व्होल्ट येतात, तिथलाच. झाकणाच्या आत अक्षर कोरलं आणि डबा रफिकभाईंकडे दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर येऊन गेली होती. पत्रे टपटपत होते, भिंतींना ओल आली होती. नऊ वाजता दोन्ही कार्डं चालू झाली. पावणेदहाला रफिकभाईंनी हाक मारली.

"शैला मॅडम, आपका कार्ड गिन रहा है."

"काय मोजतंय?"

"वोइच तो मैं पूछ रहा हूँ. नली लगाइच नै, तो ये गिन क्या रहा है?"

लाल आकडा एकवर होता. बघता बघता चार झाला, मग अकरा. शेजारी मंदाचं कार्ड शून्यावर. साहेब आले. सगळे जमले. माझे कान तापले. आणि माझ्या तोंडून शब्द आले, शांतपणे, जसे काही आधीच तयार होते: "काल मंदा माझ्या टेबलाशी आली होती. फळं ठेवायला. हात चिकट असतील, लागला असेल कार्डाला."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. त्या जोरावर दुसरं चाललं.

 मंदाने वीज बंद करायला सांगितली, डबा उघडला, कार्ड दोन बोटांनी कडांना धरून भिंगाखाली नेलं. बराच वेळ बघत राहिली. "मुंग्या लागल्यात," ती म्हणाली. त्या भागाच्या पायाशी तीन बारक्या लाल मुंग्या होत्या, त्यातली एक जळून चिकटलेली, आणि खाली कार्डावर अंगठ्याचा अर्धा ठसा; त्या गोड ओलीतून वीज झिरपत होती आणि कार्ड तीच मोजत होतं. साहेब चिडले. तेवढ्यात फोन वाजला आणि ते ऑफिसात गेले. सगळे आपापल्या जागी वळले. मंदा माझ्याजवळ आली आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं बोलली.

"शैलाताई, तुम्ही सीताफळ खाल्लं का?"

"काय म्हणायलीस तू? मला बाधतं, सांगितलं ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत नाही, अंगठ्याकडे. मग ती मागे सरली. साहेब परत आल्यावर म्हणाले, "मंदा, हात धुऊन काम करत जा जरा. आता तूच बिघडवलंयस, तूच निस्तर." ती म्हणाली, "व्हय साहेब." तिने स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून माझं कार्ड धुतलं, एकेक ठिपका, मागून पुढून, आणि दिव्याखाली वाळवलं. माझं कार्ड इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने आठ तास शून्य धरलं. दोघींची कार्डं पास झाली. साहेब म्हणाले, अनुभवाचा मान शैलाबाईंचा, शिवाय हलगर्जीपणा करणाऱ्याला कसं न्यायचं? मी गेले.

यंत्र मी पाहिलं. दोन मजली उंच पोलादी कडं, त्याला चारी बाजूंनी तारा, नळ्या, पंप. अर्धा तास मी खरोखर सुखी होते. मग तिथल्या एक शास्त्रज्ञ बाई आल्या, आमचे दोन्ही डबे उघडले, भिंग डोळ्याला लावलं आणि मंदाच्या कार्डावर थांबल्या. "ये किसका हाथ है?" झाकणातलं अक्षर वाचलं. "इनको क्यों नहीं लाए?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "उसको छुट्टी नहीं मिली," मी म्हणाले. साहेबांच्या भुवया वर गेल्या. माझ्याकडे तेव्हा खोट्याचा तुटवडा नव्हता.

दुपारी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसलो आणि आत यंत्र पेटलं. पडद्यावर क्षणभर जांभळट उजेड आला. दोन नळ्या, दोन कार्डं, शेजारी शेजारी दोन आकडे धावले. सूर्य मोजला जात होता. आणि मी काय बघत होते? माझा आकडा तिच्यापेक्षा जास्त येतोय का, ते. आकडे जवळजवळ सारखे थांबले. तिचा थोडा जास्त होता. त्या उजेडाचा रंगसुद्धा मी परत येताना साहेबांकडून ऐकला म्हणून मला ठाऊक आहे.

यानंतर मंदाचं सगळं चांगलंच झालं. युनिट बंद पडेपर्यंत ती टेस्टिंगची मुख्य झाली होती. पुढे वाळूजला एका कारखान्यात मुलींना सोल्डरिंग शिकवायला लागली. अजून शिकवते. तिच्या शिकवण्याचा मला हेवा वाटतो, तिच्या गुडघ्यांचाही वाटतो, चाळिशीच्या चष्म्याशिवाय ती सुई ओवते त्याचा तर फारच वाटतो. दरवर्षी आश्विनात ती सीताफळं घेऊन घरी येते. "भावजींसाठी," म्हणते. हे मिटक्या मारत खातात, मी बिस्किट बुडवून चहा पिते. ती गेल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने एखादं खाते आणि बिया कागदात गुंडाळते. म्हातारी झाले, तरी ती सवय गेली नाही.

परवा ती आली. हे बँकेत गेले होते. घरात आम्ही दोघीच. टोपली मध्ये. का कोण जाणे, या वर्षी मला बिस्किटाचा पुडा उघडावासा वाटला नाही. बाहेर सर आली होती आणि दार फुगून लागेनासं झालं होतं.

"मंदा," मी म्हणाले, "त्या दिवशी मी सीताफळ खाल्लं होतं."

कुठला दिवस, असं तिने विचारलं नाही. "मला ठाव हाय की ताई. तुम्ही तिकडं गेल्यावर तुमचा ड्रॉवर आवरताना बिया घावल्या व्हत्या. कागदात."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? साहेब तुमचं ऐकणार का माझं?" ती टोपलीतली फळं दाबून बघत होती, पिकलेलं निवडत होती. "लई राग आला व्हता मला. आबा महिनाभर पारावर गेले नाय, लोक इचारत्याल म्हणून. मी तुमच्यासंगं बोलणं सोडलं. दिवाळी झाली, संक्रांत झाली. तिळगूळबी दिला नाय तुम्हाला. मंग म्हनलं, जाऊ द्या, ह्या बाईला पत्त्याच नाय."

मी आठवून पाहिलं. साहेब तिच्या टेबलाशी एकोणीस वेळा थांबले हे मला आठवत होतं. संस्थेतल्या बाईंचा शब्दन् शब्द आठवत होता, तिचा आकडा माझ्यापेक्षा कितीने जास्त होता तेही. ती तीन-चार महिने माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती, हे मात्र मला परवाच कळलं. नळी न जोडता मोजणारं कार्ड मी चालवत होते, आणि ज्या दिवसांत खरंच काही येऊन आदळत होतं त्या दिवसांत ते शून्यावर होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. तीस वर्षं उशिरा म्हटलेला हा शब्द फार छोटा वाटला.

"व्हय, चुकलंच," ती म्हणाली. तिने मान हलवली नाही, हसलीही नाही. मग एक उकललेलं फळ हातात घेऊन दोन भाग केले आणि मोठा भाग माझ्यापुढे धरला. "आता तरी माझ्यासमोर खा."

मी खाल्लं. तिच्यासमोर, सोफ्यावर बसून, बिया ताटलीत टाकत. रस अंगठ्यावरून मनगटाकडे ओघळला तशी मी सवयीने उठले, हात धुवायला.

"बसा हो ताई," मंदा म्हणाली. "आज काय कार्डाला हात लावायचाय व्हय?"

मी बसले. आणि हसू येता येता वाटलं, हे वाक्यसुद्धा मलाच सुचायला हवं होतं.